अस्सल डुप्लिकेट

माझ्या मेव्हण्याच्या टॅब्लेटमध्ये हजारो गेम आहेत आणि तो त्यातला एकही खेळत नाही. वेळच होत नाही. रात्री जेवणं आटोपली की तो टॅब्लेट घेऊन बसतो आणि साडेअकराला त्याची बायको दिवा मालवायला येते, तेव्हा स्वारी अजून ‘सेटिंग’मध्येच असते. नमनाला घडाभर तेल ही म्हण ज्या कुणावरून पडली असेल, त्यानंसुद्धा कधीतरी खेळ सुरू केला असेल.

टॅब्लेट करोनात आलेला. मुलाच्या ऑनलाइन शाळेसाठी घाईघाईनं घेतलेला, दहा इंची. शाळा पुन्हा भरली, मुलगा मोबाइलवर गेला आणि टॅब्लेट कपाटात गेला. असा एक टॅब्लेट आता बहुतेक घरांत असतो. फोन म्हणून मोठा पडतो, कॉम्प्युटर म्हणून छोटा पडतो, आणि वर्षातून एकदा गणपतीत आरत्यांची पीडीएफ उघडायला बाहेर निघतो. कुठल्या कडव्यानंतर काय म्हणायचं याबद्दल घरात मतभेद झाले की तो निकाल देतो आणि पुन्हा कपाटात जातो. अशा या वर्षाकाठी एका कामाच्या वस्तूला मेव्हण्यानं रोजगार दिला, हे आधी मान्य करायला हवं.

पंचेचाळिशीच्या आसपास पुरुषाला काहीतरी होतंच. मेव्हण्याच्या बँकेतले एक साहेब मॅरेथॉन पळायला लागले. दुसऱ्यांनी कर्जतला प्लॉट घेऊन आंबे लावले आणि माकडांना खाऊ घातले. तिसरे दर रविवारी कळसूबाई चढतात आणि सोमवारी लिफ्टशिवाय हलत नाहीत. त्या मानानं मेव्हण्याचा छंद घरगुती आणि गुडघ्यांना निरुपद्रवी. त्याला फक्त नव्वदच्या दशकातला आपला टीव्हीला लावायचा व्हिडिओ गेम परत हवा होता.

सुरुवात त्यानं काचेवरच केली. पडद्याच्या डाव्या कोपऱ्यात दिशांची फुली, उजव्या कोपऱ्यात ए आणि बी, सगळी बटणं चित्रातली. मारिओ पळत असताना अंगठा फुलीवरून कधी घसरला हे अंगठ्याला कळत नाही. कळतं तेव्हा मारिओ खड्ड्यात असतो. निन्टेन्डोच्या गुनपेई योकोई यांनी 1982 साली ‘डाँकी काँग’च्या हातात मावणाऱ्या खेळासाठी अधिक चिन्हाच्या आकाराचं बटण केलं, ते आजतागायत टिकलंय. का, ते काचेवर खेळून बघितल्याशिवाय समजत नाही. अंगठ्याला डोळे नसतात, त्याला कडा लागतात.

मग कंट्रोलर आले. पहिला ताणायचा होता, मधे फोन धरून दोन्ही बाजूंनी मुठी येतात तसला. तो फोनसाठी केलेला होता, दहा इंचांसाठी नव्हे. पण बँकेत कर्जदाराची क्षमता ताणून बघायची सवय असल्यामुळे मेव्हण्यानं तो ताणला. त्यानं हप्ता चुकवला आणि स्प्रिंगसकट करंगळीवर आला. दुसरा खास टॅब्लेटच्या मापाचा. तो बसला झकास, पण टॅब्लेट आणि मुठी मिळून वजन इतकं झालं की उताणं पडून खेळताना डुलकी लागली आणि मारिओऐवजी मेव्हण्याचं नाक कामी आलं. तिसरा ब्लूटूथचा, मोकळा. टॅब्लेट चकलीच्या डब्याला टेकवून ठेवायचा आणि आपण लांब बसायचं. हा पहिल्या दिवशी टॅब्लेट सोडून हॉलमधल्या टीव्हीला जाऊन जोडला गेला. सासूबाईंची मालिका ऐन रंगात असताना खालची बटणं दाबली गेली आणि सासू-सुनेचा सामना सोडून पडद्यावर हवामानाचा अंदाज आला. मालिकेतल्या सुनेनं काय उत्तर दिलं ते आजवर कळलेलं नाही, आणि त्याचं खापर अजून मेव्हण्यावर आहे.

त्यात आणखी एक भानगड. निन्टेन्डोच्या कंट्रोलरवर ए उजवीकडे असतो आणि एक्सबॉक्सच्या धर्तीच्या कंट्रोलरवर तो खाली असतो. त्यामुळे पडद्यावर ‘होय असेल तर ए दाबा’ आलं की कुठला ए, हा प्रश्न उभा राहतो. मेव्हणा आठवडाभर ‘होय’ म्हणायला गेला आणि ‘नाही’ म्हणून परत आला. लग्न मुरलेलं असल्यामुळे त्याला त्याचं विशेष वाटलं नाही.

आता हे सगळं कशासाठी, तर दोन केबीसाठी. निन्टेन्डोनं 15 जुलै 1983 रोजी जपानमध्ये फॅमिकॉम नावाचं यंत्र बाजारात आणलं. ते घडवलं मासायुकी उएमुरा यांनी, आणि त्याची चालू स्मृती होती 2 केबी. मेव्हण्याच्या टॅब्लेटची आहे 8 जीबी, म्हणजे सुमारे चाळीस लाख पट. शिगेरू मियामोतो यांचा 1985 सालचा ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ हा आख्खा खेळ, बत्तीस पातळ्या, गाणी, कासवं, राजकन्या सगळं धरून 40 केबीत बसतो. आमच्या मावशी रोज सकाळी सुप्रभात म्हणून दवाचा थेंब असलेला जो गुलाब पाठवतात, त्या एका गुलाबाच्या जागेत असे दोन-चार मारिओ आरामात राहतील. जागा वाचवायची म्हणून मियामोतोंच्या मंडळींनी वरचा ढग आणि खालचं झुडूप एकाच चित्रातून काढलंय. फक्त रंग वेगळा. हे एकदा कळलं की मग तो ढग पुन्हा ढग दिसत नाही.

इम्युलेटर म्हणजे या जुन्या यंत्राचं सोंग घेणारा प्रोग्रॅम. कॅसेटमधल्या चिपवरचा ऐवज फाइल करून (तिला रॉम म्हणतात) त्याच्यापुढे ठेवला की त्या फाइलला वाटतं, आपण 1985 मध्येच आहोत. सोंग चोख वठलं. गेम सुरू झाला. आणि पहिल्याच रात्री मला फोन आला.

“भावोजी, मारिओ पळतोय.”

“पळणारच. त्याचं कामच ते.”

“तसं नाही हो. जास्त पळतोय.”

मारिओचं संगीतही घाईत आहे, कासवं घाईत आहेत, पूर्वी ज्या नळावरून तो डोळे मिटून उडी मारायचा त्याच नळाला तो आता धडकतो, असा त्याचा जबाब होता. मी त्याला वयाची जाणीव करून दिली. त्यानं ती इतकी मनावर घेतली की दुसऱ्या दिवशी जाऊन बी-12 तपासून आला. बी-12 कमी निघालं. ते सगळ्यांचंच निघतं. डोळ्यांचा नंबर वाढलेला निघाला, चाळिशीचा चश्मा बदलला, गोळ्या सुरू झाल्या आणि बदामही. मारिओ पूर्ववत पळतच होता.

खरं कारण बी-12 मध्ये नव्हतं, पॅलमध्ये होतं. जपान आणि अमेरिकेतले त्या काळचे टीव्ही एनटीएससी पद्धतीचे, सेकंदाला साठ वेळा चित्र रंगवणारे. आपले पॅल पद्धतीचे, पन्नास वेळा. हा खेळ घड्याळ बघत नाही, चित्रं मोजतो. दर चित्राला एक पाऊल. आपल्या टीव्हींसाठी बनवलेल्या यंत्रात त्याला सेकंदाला साठाऐवजी पन्नासच पावलं टाकता यायची. म्हणजे आपण लहानपणी जो मारिओ खेळलो तो जगातल्या मूळ मारिओपेक्षा एक षष्ठांश संथ होता. कॉलनीत आठव्या जगात पोचलेला मुलगा म्हणून मेव्हण्याचा जो दरारा होता, त्यातही तेवढी सूट धरलेली होती.

या शोधाचा त्याच्यावर झालेला परिणाम मला अपेक्षित नव्हता. मला वाटलं, खट्टू होईल. तो खूश झाला. आपण मंद झालेलो नाही, मारिओच आगाऊ आहे, हे सिद्ध झालं होतं. बदाम बंद झाले. इम्युलेटरच्या सेटिंगमध्ये ‘प्रदेश’ म्हणून एक रकाना असतो, तिथे एनटीएससी, पॅल आणि ‘डेन्डी’ असे पर्याय येतात. डेन्डी हा 1992 साली रशियात निघालेला फॅमिकॉमचा डुप्लिकेट. त्याच्या खोक्यावर एक हत्ती असायचा. पॅलच्या टीव्हीसाठी केलेल्या डुप्लिकेट यंत्रांची चाल ही निन्टेन्डोच्या अस्सल पॅल यंत्रापेक्षाही निराळी असते, म्हणून तिला हा स्वतंत्र पर्याय. मेव्हण्यानं डेन्डी निवडलं आणि मारिओ जेवण झाल्यासारखा चालायला लागला.

इथून मात्र प्रकरण हाताबाहेर गेलं. कारण त्याच्या लक्षात आलं की आपण आयुष्यात कधी निन्टेन्डो खेळलेलोच नाही.

त्याचा व्हिडिओ गेम त्याच्या मामांनी मुंबईच्या मनीष मार्केटमधून आणला होता. त्यावर निन्टेन्डोचं नाव कुठेही नव्हतं. खोक्यावर मोटारसायकल, विमान आणि एका सिनेनटाशी साम्य असलेला, पण त्याला ते मान्य झालं नसतं असा एक इसम होता. खेळाच्या पहिल्या पानावरून कंपनीचं नाव आणि साल काळजीपूर्वक खरवडलेलं होतं. आता टॅब्लेटवर अस्सल रॉम लावल्यावर तिथे स्पष्ट अक्षरांत निन्टेन्डो आणि 1985 आलं, तर मेव्हणा म्हणाला, “हे काय मध्येच लिहिलंय?” ज्यांनी खेळ बनवला त्यांनी त्यावर आपलं नाव घातलंय, हे त्याला अतिक्रमण वाटलं.

तेव्हापासून तो अस्सल डुप्लिकेटच्या शोधात आहे. जगात या छंदातले बाकीचे लोक मूळ, शुद्ध, कंपनीच्या कॅसेटशी बिट-बिट जुळणारी रॉम जमवतात. हा एकटा ती बाजूला सारतो आणि बनावट मागतो. आणि बनावटीतसुद्धा चालढकल नाही. ‘9999999 इन 1’ हवी, तर तीच हवी. पिवळी कॅसेट, वर कुठल्याच खेळात नसलेल्या वीराचं चित्र. लावली की समुद्रकिनारा, उडणारे पक्षी, आणि मागे ‘घोस्ट’ सिनेमात गाजलेल्या ‘अनचेन्ड मेलडी’ची सूर हरवलेली धून. नाशिकच्या एका कॉलनीतल्या मुलांचा हॉलिवूडच्या विरहगीताशी पहिला परिचय हा असा, टँकची लढाई निवडायच्या आधी झाला. आणि एक कोटीला एक कमी खेळांपैकी प्रत्यक्षात मूठभर. पुढे तेच खेळ नाव बदलून पुन्हा, नाहीतर मधल्या पातळीवरून सुरू होणारे. यादी संपतच नाही. एका उन्हाळ्याच्या सुट्टीत मेव्हणा ती शेवटपर्यंत बघायची म्हणून बाण खाली दाबून बसला होता. पुढे बँकेत गेला यात नवल नाही.

तुम्हाला वाटेल, असला माल कोण जपून ठेवणार? इथेच मला या छंदातल्या लोकांपुढे टोपी काढावीशी वाटते. फॅमिकॉमला कॅसेटमधला 32 केबीच प्रोग्रॅम एका वेळी दिसतो. त्याहून मोठा खेळ द्यायचा तर कॅसेटमध्येच एक जादाचं सर्किट लागतं, जे मागच्या खोलीतला माल गरजेप्रमाणे पुढे आणून मांडतं. याला म्हणतात मॅपर. 1996 च्या सुमारास मरात फैझुलिन यांनी आपल्या इम्युलेटरसाठी फाइलची एक पद्धत ठरवली, तीत प्रत्येक मॅपरला एक नंबर मिळाला. मारिओचा नंबर शून्य, कारण त्याला मॅपर लागतच नाही. अधिकृत कंपन्यांचे मॅपर मोजके. पण गल्लीबोळांतल्या डुप्लिकेटवाल्यांनी हाताला येईल त्या चिपांतून इतकी नाना सर्किटं केली की नंबर देता देता ती पद्धतच पुरेना, आणि पुढे नवी आवृत्ती काढावी लागली. निनावी चोरांनी केलेल्या एकेका कॅसेटचं सर्किट उलगडून, तिला रीतसर अनुक्रमांक देऊन, जगाच्या दप्तरात नोंद करणारी माणसं आहेत. ती हे फुकट करतात. मेव्हण्याच्या शाखेत जिवंत माणसाला हयातीचा दाखला नोंदवायला याहून जास्त फेऱ्या पडतात.

मधल्या काळात पडद्याचं काम चालू होतंच. टॅब्लेटचं चित्र फार स्वच्छ येतं, ही त्याची तक्रार. त्यावर उपाय म्हणजे शेडर. चित्रावर जुन्या टीव्हीच्या आडव्या रेघा, काचेचा फुगवटा, कडांशी पसरलेला रंग असं सगळं लेप देऊन लावता येतं. टॅब्लेटची निम्मी ताकद खेळ चालवण्यात नाही, तो वाईट दिसावा यात खर्च होते, आणि त्यानं तो गरम होतो. मेव्हण्यानं एक शेडर लावून सासूबाईंना दाखवला. “आपला टीव्ही असाच दिसायचा ना?” सासूबाईंनी चश्मा सारखा करून बघितलं आणि म्हणाल्या, “आपला याहून बरा होता. तुम्ही बिघडवलात.”

व्हिडिओ गेमनं टीव्हीची पिक्चर ट्यूब जाते, हे महाराष्ट्रातल्या एका पिढीचं संयुक्त आणि अचल मत आहे. सासूबाई बाजारातून आल्या की आधी पिशवी खाली ठेवत नसत, टीव्हीच्या पाठीवर हात ठेवत. मग अडॅप्टरवर. कुठली वस्तू किती कोमट आहे यावरून ‘पाच मिनिटंच खेळलो’ या जबानीची वासलात लागायची. पुढे मेव्हणा टीव्हीच्या पाठीवर ओला नॅपकिन ठेवायला लागला, तेव्हा नॅपकिन कोमट निघाला.

शेडरमध्ये शेकडो पर्याय असले तरी एक नाही, याची त्याला चुटपुट आहे. स्वयंपाकघरात मिक्सर लागला की टीव्हीवर आडव्या पांढऱ्या चकत्या धावायच्या, त्या. ‘कॉन्ट्रा’च्या धबधब्यावर नेमका चटणीचा मिक्सर लागणं आणि एक जीव जाणं हा त्याच्या मते मूळ अनुभवाचा अविभाज्य भाग आहे. जपान्यांना तो सुचला नाही, अमेरिकनांना सुचायचं कारण नाही, आणि आपल्याकडच्यांनी लिहिला नाही.

‘डक हंट’चंही तेच झालं. 1984 चा हा खेळ बंदुकीनं खेळायचा. चाप ओढला की पडदा क्षणभर काळा व्हायचा आणि बदकाच्या जागी पांढरा चौकोन चमकायचा. बंदुकीच्या नळीत प्रकाश ओळखणारा डोळा असे. त्याला पांढरं दिसलं की बदक मेलं. म्हणजे बंदूक गोळी मारत नव्हती, बघत होती. ही सगळी गंमत जुन्या टीव्हीच्या चित्र रंगवण्याच्या नेमक्या वेळेवर उभी, त्यामुळे आताच्या सपाट पडद्यावर ती बंदूक आंधळी होते. टॅब्लेटवर मग काय, तर बदकाला बोट लावायचं. भाच्यानं एका दमात सगळी बदकं ढेकणासारखी टिपली आणि “बाबा, तुम्हाला हे अवघड वाटायचं?” असं विचारलं. मेव्हण्यानं त्याला अभ्यासाला बसवलं.

कायद्याचं काय, असं कुणी विचारायच्या आत सांगतो. 2000 साली अमेरिकेत सोनी विरुद्ध कनेक्टिक्स या खटल्यात अपील न्यायालयानं इम्युलेटर बनवणाऱ्यांच्या बाजूनं कौल दिला. त्यामुळे यंत्राचं सोंग घ्यायला साधारणपणे हरकत नाही. आपल्या मालकीचे नसलेले खेळ उतरवून घेणं ही गोष्ट वेगळी, तिथे मालकीहक्क आड येतो. दहाव्या वर्षी चोरीची कॅसेट बिनघोर खेळलेल्या मेव्हण्याला पंचेचाळिसाव्या वर्षी सदसद्विवेकबुद्धी झाली. त्यानं भाच्याच्या कॉम्प्युटरवर कोनामीचं 2019 सालचं ‘कॉन्ट्रा’चं संग्रहित पॅकेज पैसे भरून रीतसर घेतलं. त्यात जपानी कॉन्ट्रा आहे, ज्यात जंगल हलतं आणि बर्फ पडतो. अमेरिकी कॉन्ट्रा आहे, ज्यात ते होत नाही. फक्त सुरुवातीपासून तीस जीव हातात देणारा आणि पहिल्या पावलाला फुलबाजीची बंदूक देणारा आमचा कॉन्ट्रा नाही. पैसे देऊन तीन जीव, हे त्याला पटलं नाही.

एक संध्याकाळ मात्र खरोखर खेळ झाला. दिवाळीतल्या भाऊबीजेला मी, मेव्हणा आणि त्याचा चुलतभाऊ असे तीन कंट्रोलर जमले आणि ‘मुस्तफा’ लागला. हा कॅपकॉमचा 1993 चा गेम. खरं नाव ‘कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स’, पण रुपयाचं नाणं घेऊन पार्लरबाहेर रांगेत उभं राहिलेल्या माणसाला ते नाव सांगून बघा. पिवळ्या टोपीतल्या मुस्तफा कैरोवर सगळ्यांचा डोळा आणि तो नेहमी वयानं मोठ्या मुलाला. हे असले पार्लरचे खेळ चालवणारा ‘मेम’ हा प्रोग्रॅम निकोला साल्मोरिया यांनी 1997 मध्ये सुरू केला. त्याच्या कर्त्यांची भूमिका अशी की जुन्या यंत्रांची रचना जतन करणं हे खरं काम, खेळता येणं हा केवळ आनुषंगिक लाभ. मेव्हण्याला ही भूमिका फार आवडते.

दहा इंचांच्या त्या पडद्यावर आम्ही तिघं विहिरीत पडलेली बादली शोधावी तसे वाकलो होतो. तिघांच्या चश्म्यांचे नंबर तीन, त्यामुळे टॅब्लेट कुणाच्या नाकापासून किती अंतरावर ठेवायचा यावर पाच मिनिटं वाद. मुस्तफा मी घेतला, जावई म्हणून. डावीकडचं एक बटण दाबलं की नाणं पडतं, हवं तितकं. चुलतभावानं ते दाबत दाबत अंगठ्याची हौस भागवून घेतली. मेव्हणा मात्र दर वेळी मरण आलं की थांबायचा, “किती झाले?” म्हणून विचारायचा आणि एक, फक्त एकच टाकायचा. शेवटच्या राक्षसाजवळ आलो तेव्हा त्याच्या हिशेबानं आम्ही अठ्ठावीस रुपये हरलो होतो, आणि त्यातले बावीस चुलतभावाचे होते. सासूबाई फराळाचं ताट घेऊन आल्या, ताट ठेवलं, आणि सहज टॅब्लेटच्या पाठीवर हात फिरवून गेल्या. काही बोलल्या नाहीत. आम्ही तिघांनी आपोआप बंद केलं.

परवा रात्री पावणेबाराला पुन्हा फोन आला. मला वाटलं, घरात कुणाला काही झालं.

“भावोजी, हँग झाला!”

आवाजात असा आनंद मी त्याच्या प्रमोशनच्या वेळीही ऐकला नव्हता. अखेर एक कॅसेट सापडली होती. किनारा, पक्षी, बेसूर धून, खरवडलेलं साल, सगळं. त्यातला एक कॉन्ट्रा लावला, बर्फाच्या पातळीवर गेला, रणगाडा आला आणि चित्र जिथल्या तिथे गोठलं, आवाज एका सुरावर अडकून राहिला. नाशिकला त्यांची कॅसेट याच रणगाड्यावर अडकायची, त्यामुळे त्या कॉलनीतल्या एकाही मुलानं आजवर कॉन्ट्राचा शेवट बघितलेला नाही. बिघाड तीस वर्षांनी जशाच्या तसा परत मिळाला होता.

मी झोपेत होतो, त्यामुळे विचारू नये ते विचारून गेलो. “हा हँग कॅसेटचा आहे की इम्युलेटरचा?”

पलीकडे शांतता. मॅपरचा नंबर चुकीचा लागला असेल तरी खेळ असाच गोठतो, हे त्यानंच मला शिकवलं होतं.

त्यानं रात्रभर विचार केला आणि सकाळी इम्युलेटर बनवणाऱ्यांना ईमेल लिहिला. मसुदा मला दाखवला. बँकेच्या परिपत्रकाच्या वळणाचा आहे. विषय, संदर्भ, कॅसेटचं वर्णन, हँग होण्याचं ठिकाण, वेळ, सोबत पडद्याचा फोटो. आणि शेवटी ठळक अक्षरांत: सदर दोष आपल्या प्रोग्रॅममधला आढळून आल्यास कृपया तो दुरुस्त करू नये.